पाणी थांबतं कुठे

एखाद्या शेतात आठवड्याच्या अंतराने चार वेळा २५-२५ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या शंभर मिलिमीटरपैकी ओढ्याला मिळतात जेमतेम ८. तेवढाच पाऊस पन्नास-पन्नासच्या दोन हप्त्यांत आला, तर २८ च्या आसपास. आणि सगळा एकाच दिवशी कोसळला, तर ५० हून थोडे जास्त. पर्जन्यमापकाच्या वहीत मात्र तिन्ही वेळा बेरीज एकच लिहिली जाते.

हे आकडे ‘कर्व्ह नंबर’ पद्धतीने काढलेले आहेत. माती, तिच्यावरचं आच्छादन आणि आधीची ओल बघून पाणलोटाला शंभरपर्यंतचा एक क्रमांक देतात. इथे तो ८० धरला आहे. २५,४०० ला ८० ने भागून त्यातून २५४ वजा केले की ६३.५ मिलिमीटर उरतात, ती त्या जमिनीची धारणशक्ती. तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे १२.७ मिलिमीटर, पानांवर, खळग्यांत आणि वरच्या थरात जिरेपर्यंत पाणी वाहायलाच लागत नाही. त्यानंतर पडणाऱ्या प्रत्येक मिलिमीटरमधला वाहून जाणारा वाटा आधीच्यापेक्षा मोठा असतो. पद्धत ढोबळ आहे. लहान सरींना आणि दाट जंगलाला ती नीट लागू पडत नाही. तरीही कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत करता येणारा हा हिशेब, तापत्या हवामानात पाण्याचं नेमकं काय बिघडतं ते कुठल्याही जाड अहवालापेक्षा स्वच्छ दाखवतो. वर्षाची बेरीज तीच राहूनही शेताचं, विहिरीचं आणि नदीचं नशीब पूर्ण बदलू शकतं.

त्यामागचं भौतिकशास्त्र फार अवघड नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची कुवत सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पृथ्वीवरचा एकूण पाऊस मात्र अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो, कारण तो बाष्पावर नाही, वातावरण किती उष्णता बाहेर टाकू शकतं त्यावर ठरतो. जोराच्या सरीला माल भरपूर आणि वर्षाच्या बेरजेला तुटपुंजा, अशी ही विभागणी आहे. मधली तफावत कोरड्या दिवसांच्या खात्यावर पडते. त्या कोरड्या दिवसांत तापलेली हवा मातीतली ओल आणखी ओढते. मग पुढचा मध्यम पाऊस मातीची तहान भागवण्यातच संपतो आणि नदीपर्यंत पोचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराच्या परिसरात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पाऊस साधारण पंधरा-वीस टक्क्यांनी घटला. धरणांतला येवा, म्हणजे नदीतून आत येणारं पाणी, निम्म्याहून जास्त घटला. पावसातली घट येव्यात दुपटी-तिपटीने उमटते हे जलशास्त्रात नवं नाही, पण अंदाजपत्रक करताना ते सोयीस्करपणे विसरलं जातं.

म्हणून पाण्याचं नियोजन म्हणताना ‘किती पाणी आहे’ या प्रश्नाइतकाच दुसरा एक विचारावा लागतो: आलेलं पाणी थांबतं कुठे, आणि किती दिवस? बर्फ, माती, जमिनीखालचा खडक आणि धरण, या थांबण्याच्या जागा. बर्फाची जागा आपल्या हातात नाही. तो लवकर वितळू लागला की नदीला येणारा लोंढा उन्हाळ्याच्या आधी सरकतो, आणि खालच्या धरणांचं सगळं वेळापत्रक चुकतं. उरलेल्या तीन जागांबद्दल मात्र करण्यासारखं खूप आहे.

त्याआधी मोजमापाबद्दल थोडं, कारण बऱ्याच योजना इथेच घसरतात. रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी वाचला जाणारा पर्जन्यमापक चोवीस तासांचा पाऊस सांगतो, पण रात्रभर चाललेली आणि वाचनाच्या वेळेनंतरही सुरू राहिलेली सर तो दोन तारखांत वाटून टाकतो. म्हणून अशा नोंदींतून कमाल चोवीस तासांचा पाऊस काढताना १.१३ ने गुणण्याची रीत आहे. ती दुरुस्ती न करता काढलेला पुलाच्या मोरीचा व्यास सुरुवातीपासूनच अपुरा असतो. शहरी गटारांना तर चोवीस तासांचा आकडा निरुपयोगीच. तिथे दर पाच-दहा मिनिटांची नोंद ठेवणारं स्वयंचलित यंत्र लागतं. नदीचं मोजमापही असंच फसवं. आपण मोजतो ती पातळी. विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय ते, काढतो तक्त्यावरून, आणि तो तक्ता शांत दिवसांत प्रत्यक्ष वेग मोजून बनवलेला असतो. मोठ्या पुरात पात्र खरवडतं, काठ ओलांडले जातात, आणि आपण तक्त्याची रेघ नुसती पुढे ओढून आकडा लिहितो. पुराचे सर्वांत महत्त्वाचे आकडेच असे सर्वांत कमी भरवशाचे असतात.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हेही असंच गैरसमजाचं माहेरघर. त्याचा अर्थ कुठल्याही एका वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं टिकणाऱ्या इमारतीला तो पूर गाठण्याची शक्यता २६ टक्के होते. हवामान बदलून तीच शक्यता वर्षाला दोन टक्के झाली, तर तीस वर्षांत ती ४५ टक्क्यांवर जाते. जुन्या नोंदींवरून भविष्याची वाटणी करायची आणि त्या नोंदी नेमक्या ओल्या काळातल्या निघायच्या, याचं सर्वांत महागडं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं. १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एका एकरावर फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी दिलं गेलं. १९४४ मध्ये मेक्सिकोचे १५ लाख त्यात आले. सन २००० नंतर नदीत सरासरी सव्वा कोटीच्या आसपासच एकर-फूट येतंय. कागदावर १ कोटी ६५ लाख वाटून झालेले आहेत. इथे कुणी गणितात चुकलं नव्हतं. ज्या वर्षांवर गणित केलं, तीच पुढे परत आली नाहीत. आकड्यांऐवजी टक्क्यांत वाटणी केली असती, तर निदान तूट आपोआप वाटली गेली असती. नवे करार करणाऱ्यांनी एवढं तरी घ्यावं.

आता माती. साठवणुकीची ही सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. एक मीटर खोलीची वालुकामय जमीन पिकाला वापरता येईल असं २५ ते १०० मिलिमीटर पाणी धरते, पोयट्याची १०० ते १७५ आणि चिकण मातीची १७५ ते २५०. पोयट्याचे १४० धरू, मुळांची खोली ६० सेंटिमीटर. एका हेक्टरात होतात ८४ मिलिमीटर, म्हणजे ८ लाख ४० हजार लिटर. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या कडांचं शेततळं भरलं तर त्यात साधारण पावणेनऊ लाख लिटर मावतं. म्हणजे हेक्टरभर मातीच्या पोटात एक शेततळं आधीच खोदलेलं असतं. त्याला प्लास्टिकचं अस्तर लागत नाही, जागा जात नाही, पंप लावावा लागत नाही.

अडचण त्याच्या तोंडाची आहे. वालुकामय पोयट्यात पाणी तासाला २० ते ३० मिलिमीटर वेगाने मुरतं, चिकण पोयट्यात ५ ते १० आणि निव्वळ चिकण मातीत १ ते ५. तासाला ६० मिलिमीटरची सर आली की कुठलीच भारी जमीन तिला पुरी पडत नाही. त्यातही जमीन उघडी असेल तर थेंबांच्या माऱ्याने वरचे कण फुटून छिद्रं बुजतात, खपली धरते आणि मुरण्याचा वेग आणखी पडतो. काडीकचऱ्याचं आच्छादन हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. त्याचं पहिलं काम बाष्पीभवन रोखणं नसून तोंड उघडं ठेवणं आहे. दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही: वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर आणि जड यंत्रांची चाकं फिरली की वीस-पंचवीस सेंटिमीटरवर दडपलेला थर तयार होतो. वाफशावर असलेल्या जमिनीत बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई दाबत न्यावी. ती एका ठरावीक खोलीवर सगळीकडेच अडली, तर तो थर आहे. मुरण्याचा वेग मोजायचा तर ३० सेंटिमीटर आणि ६० सेंटिमीटर व्यासाची दोन कडी एकात एक ठोकून दोन्हींत पाणी भरतात आणि आतल्या कड्यातली घट मोजतात. बाहेरचं पाणी आतल्याला आडवं पसरू देत नाही. पहिल्या अर्ध्या तासाचं वाचन टाकून द्यायचं, कारण सुकी माती सुरुवातीला आधाशासारखी पिते. वेग स्थिर झाल्यावरचा आकडा खरा.

उतारावर समतल चर खणतात, तिथेही जुनं माप आता अपुरं पडू लागलं आहे. ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल चर मीटरमागे ३६० लिटर पाणी धरतो. दोन चरांत दहा मीटर अंतर असेल, तर तो उतारावरून वाहून आलेलं ३६ मिलिमीटर पाणी अडवतो. सुरुवातीच्या हिशेबात एका दिवसाच्या शंभर मिलिमीटरमधून ५० मिलिमीटर वाहत होतं. म्हणजे हा चर भरून वाहणार. अंतर सात मीटर केलं तर पुरेल, किंवा ठरावीक अंतरावर दगडी पिचिंगचं सांडणतोंड द्यावं लागेल. तळ समतल नसलेला चर तर नसलेला बरा. पाणी त्याच्या सखल टोकाला जमतं, तिथे भराव फोडतं, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच जागी घळ पडते. पाण्याची नळीपातळी लावून दर दहा मीटरला तपासणी करण्याचा कंटाळा केलेले चर दुरूनच ओळखू येतात.

जमिनीखालच्या साठ्याबद्दल उत्साह भरपूर आहे आणि हिशेब कमी. विहिरीची पातळी पाच मीटरने चढली की काम फत्ते झालं असं धरलं जातं. पण खडकात पाणी राहतं ते भेगांत आणि छिद्रांत. बेसाल्टमध्ये पातळीच्या एका मीटरमागे मोकळं होणारं पाणी १ ते ३ टक्के, नदीच्या गाळाच्या जमिनीत दहा-पंधरा टक्के. पाच मीटरची चढ बेसाल्टात, दोन टक्के धरून, १०० मिलिमीटर पाणी दाखवते. गाळात, बारा टक्के धरून, ६००. कठीण खडकातली विहीर झरझर चढते ती याचमुळे आणि झरझर उतरते तीही याचमुळे. पातळीचा फलक लावताना शेजारी खडकाचं नाव लिहावं.

दुसरं असं की, उथळ जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडकाचा थर, भरला की भरला. हंगामाच्या मध्यावर भेगा तुडुंब झाल्या, तर पुढचं पाणी जिरवण्यासाठी बांधलेली सगळी बांधकामं नुसती उभी राहतात. आत जागाच नसते. तिथे आणखी बंधारे बांधण्यात अर्थ नाही. हंगाम लांबवायचा तर उपसा कसा आणि कधी करायचा यावर बोलावं लागतं, आणि ते बंधारा बांधण्याइतकं सोपं नसल्याने कुणी बोलत नाही.

पाझर तलावाचं तर मूल्यमापनच उलटं होतं. ऐन उन्हाळ्यात तलावात पाणी दिसलं की कौतुक होतं. पाझर तलावात उन्हाळ्यात पाणी उरलं असेल तर तो पाझरत नाही. तपासायची रीत साधी आहे. पाऊस थांबल्यावर, उपसा बंद असताना, तलावात रोवलेल्या पट्टीवर रोजची घट मोजायची. बाष्पीभवन-पात्रातली घट ०.७ ने गुणून त्यातून वजा करायची. रोज २० मिलिमीटर घट आणि त्यातलं ६ मिलिमीटर बाष्पीभवन, तर १४ मिलिमीटर पाझर, उत्तम. दोन-तीन वर्षांनी तीच घट ८ वर आली तर पाझर उरला दोन. तळावर गाळाची चादर बसली. तलाव कोरडा पडल्यावर तळाला भेगा पडू द्याव्यात आणि वरचा बारीक गाळाचा थर खरवडून शेतात टाकावा. अवजड यंत्र तळावर फिरवून खोल उकरलं, तर एकतर तळ दडपला जातो किंवा खालचा पाणी धरणारा थर उघडा पडतो. गाळ काढणं आणि खोलीकरण यांत गल्लत करू नये.

छतावरचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडतानाही बिघाड गाळणीतच होतो. खड्ड्याच्या तळाशी ५ ते २० सेंटिमीटरचे दगड, त्यावर ५ ते १० मिलिमीटरची खडी, सर्वांत वर दीड-दोन मिलिमीटरची भरड वाळू, हा क्रम. वाळू वर असण्याचं कारण देखभालीचं आहे: गाळ वरच्याच काही सेंटिमीटरांत अडकतो आणि तेवढाच थर काढून धुता येतो. वाळू आणि खडीच्या मध्ये जाळी नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात वाळू खाली बसते आणि मग गढूळ पाणी सरळ आत जातं. हंगामाच्या सुरुवातीचं पाणी बाजूला काढायची सोय हवी. चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छताला निदान शंभर लिटर. रस्त्यावरचं किंवा फवारणी केलेल्या शेतातलं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं हा गुन्हा समजावा. मातीतून झिरपताना जे अडलं असतं ते थेट जलधरात पोचतं, आणि तिथून ते बाहेर काढायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. समुद्रकाठी आणखी एक काळजी: गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं आणि समुद्रसपाटीच्या वर त्याची एक मीटर उंची खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी तोलून धरते. उपशाने वरची अर्धा मीटर उंची गेली की, तो तोल नव्याने जमेपर्यंत, खालून वीस मीटर खारं पाणी चढू लागतं. त्यात समुद्रही वर येतो आहे.

राहता राहिलं धरण. धरणाचं दुखणं असं की त्याला एकाच पोटात दोन परस्परविरोधी गोष्टी ठेवायच्या असतात: पुढच्या महिन्यांसाठी पाणी आणि येणाऱ्या पुरासाठी रिकामी जागा. कुठल्या तारखेला किती पातळी असावी हे परिचालन सूचीत लिहिलेलं असतं, आणि ती सूची जुन्या पावसाच्या तारखांवर बेतलेली असते. हंगाम सरकला तरी सूची सरकत नाही. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो जलाशयात डिसेंबर २०१२ च्या वादळाचं पाणी सूचीप्रमाणे सोडून देण्यात आलं, आणि २०१३ साल कोरडं गेलं. त्यानंतर तिथे हवामानाच्या अंदाजानुसार साठा ठरवण्याचा प्रयोग झाला. २०२० मध्ये जुन्या नियमाच्या तुलनेत सुमारे १९ टक्के जास्त पाणी हाती राहिलं, धरणाची एक वीटही न वाढवता.

अंदाजावर विसंबायचं, पण कितपत, हे एका हिशेबातून कळतं. धरणात पुरासाठी २० दलघमी (दशलक्ष घनमीटर) जागा मोकळी आहे असं समजू. सेकंदाला २,००० घनमीटर येवा तीन तास टिकला, की २१.६ दलघमी होतात, जागा संपली. आधीच आणखी २० दलघमी सोडून ठेवायचं ठरवलं आणि खालचं पात्र सेकंदाला ५०० घनमीटर सुखरूप नेऊ शकतं, तर त्याला अकरा तास लागतात. म्हणजे निदान अकरा तास अधिक लोकांना हलवण्याचा वेळ, एवढा आधी अंदाज विश्वासार्ह हवा. आता पात्रात भराव टाकून, बांधकामं करून त्याची क्षमता निम्मी झाली असेल, तर त्याच कामाला बावीस तास लागतात. तेवढा नेमका अंदाज लहान खोऱ्यांत फारसा मिळत नाही. मग धरणाच्या अभियंत्याला दोनच वाटा उरतात: हंगामभर जास्त जागा रिकामी ठेवून उन्हाळ्याचं पाणी गमावणं, किंवा धरण भरू देऊन ऐन पुरात दरवाजे उघडणं. खाली पन्नास किलोमीटरवर नदीकाठी उभी राहिलेली भिंत अशी वरच्या धरणाचा साठा ठरवते. पूर आला की सगळे दरवाज्यांकडे बोट दाखवतात. पात्राचा आडवा छेद मोजायला कुणी जात नाही.

गाळाबद्दलचा समज असा की तो तळाशी, वापरात न येणाऱ्या मृत साठ्यात जाऊन बसतो आणि त्यासाठी जागा ठेवलेलीच असते. प्रत्यक्षात जाड रेती जलाशयाच्या शेपटीला, जिथे नदी आत शिरून मंदावते तिथेच पडते, म्हणजे उपयुक्त साठ्यात. बारीक गाळ तेवढा भिंतीपर्यंत पोचतो. पावसाचा जोर वाढला की हे दुखणं पावसापेक्षा वेगाने वाढतं, कारण प्रवाह दुप्पट झाला की तो वाहून आणत असलेला गाळ चौपट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. चीनमध्ये पीत नदीवरचं सानमेनशिया धरण १९६० मध्ये भरू लागलं आणि थोड्याच वर्षांत गाळाने त्याची दशा केली. तळाशी बुजवलेली द्वारं पुन्हा उघडावी लागली आणि ‘गढूळ सोडा, स्वच्छ साठवा’ अशी पद्धत आली. हंगामातल्या पहिल्या पुरांचं गढूळ पाणी तळद्वारांतून जाऊ द्यायचं आणि नंतरचं निवळ पाणी साठवायचं. हे जमायला तळद्वारं चालती हवीत. अनेक धरणांत ती गंजून बसलेली असतात. जलाशयाची प्रत्यक्ष खोली मोजून पातळी-साठा तक्ता दर पाच-दहा वर्षांनी नवा करावा. तो केला नाही, तर ‘सत्तर टक्के भरलं’ या बातमीतले टक्के कशाचे हे बातमी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आणि बाष्पीभवन. उष्ण कोरड्या भागात उघड्या जलाशयातून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी उडतं. एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावर दीड मीटर म्हणजे १५ लाख घनमीटर. उथळ पसरट जलाशय आधी वापरून खोल जलाशय मागे ठेवावा, एवढ्या एका साध्या नियमाने यातलं बरंच वाचतं.

पाणी वाचवण्याच्या गोष्टी निघाल्या की ठिबक सिंचनाचं नाव सर्वांत आधी येतं, आणि तिथेच सर्वांत मोठी फसगत आहे. पाटाने पाणी देणाऱ्या शेतात १०० भाग पाणी घेतलं, तर समजा ६० पीक पितं, १० उडून जातं, ३० जमिनीत झिरपून शेजाऱ्याच्या विहिरीला किंवा ओढ्याला मिळतं. ठिबकवर तेवढ्याच पिकाला ७० भाग लागले. त्यातले ६३ पिकाला, २ उडाले, ५ झिरपले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ३० वाचले. खोऱ्याच्या दृष्टीने आधी ७० भाग परत न येण्यासारखे गेले होते, आता ६५ जातात. खरी बचत पाचाची. आणि वाचलेल्या तिसातून आणखी क्षेत्र भिजवलं, की खोऱ्यातून जाणारं पाणी ९३ वर चढतं. ओढा आटतो, शेजारची विहीर आटते, आणि कार्यक्षमतेचा आलेख मात्र सुरेख दिसतो. ठिबक वाईट नाही. उत्पादन वाढतं, खतं वाचतात, पंपाची वीज वाचते. पण मीटर लावताना पंपावर लावून भागत नाही. पिकाने हवेत किती पाणी सोडलं त्याची मर्यादा ठरवावी लागते, आणि क्षेत्र गोठवल्याशिवाय ती मर्यादा पाळली जात नाही.

शहरांत याउलट चित्र आहे. तिथे वापरलेलं बहुतेक पाणी सांडपाणी म्हणून परत मिळतं, त्यामुळे खरी हानी गळतीची आणि दुर्लक्षाची. हजारेक जोडण्यांचा एक भाग झडपा लावून वेगळा करावा, त्याच्या तोंडाशी मीटर बसवावा आणि पहाटे दोन ते चारचा प्रवाह बघावा. तासाला दहा घनमीटर पाणी आत जात असेल आणि त्या वेळचा रास्त वापर दोनचा असेल, तर आठ घनमीटर जमिनीत चाललंय. दिवसा दाब कमी असल्याने चोवीसऐवजी वीस तासांनी गुणावं: रोज १६० घनमीटर. गळकी जागा शोधण्याआधी दाब उतरवून बघावा. दाब दहा टक्क्यांनी कमी केला की गळतीही ढोबळमानाने तेवढीच घटते. ठरावीक तासच पाणी सुटणाऱ्या शहरांत ही युक्ती चालत नाही. तिथे नळ्या रिकाम्या असताना आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं, हा त्या पद्धतीचा वेगळाच प्रताप.

पाऊस पडो न पडो, सांडपाणी रोज येतं. तुटीच्या काळात इतका नियमित स्रोत दुसरा नाही. नामिबियातलं विंडहुक शहर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं. पर्थने २००६ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला आणि २०१७ पासून अतिशुद्ध केलेलं सांडपाणी खोल जलधरात सोडायला घेतलं. समुद्राच्या हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. सांडपाण्यात क्षार खूप कमी असल्याने त्याला त्याहून बरीच कमी. तरी लोकांना समुद्र चालतो आणि सांडपाणी चालत नाही.

केप टाऊनने २०१८ मध्ये धरणं आटण्याच्या वेळी जे केलं, ते अभ्यासण्यासारखं आहे. १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. धरणांचा साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरगुती नळ बंद आणि सार्वजनिक केंद्रांवर माणशी २५ लिटर, असं आधीच जाहीर झालं होतं. साठ्याचा आकडा लोकांसमोर नियमित येत राहिला. वापर काही वर्षांत निम्म्याहून खाली आला आणि नळ बंद करायची वेळ आली नाही. १३.५ हा आकडा मुद्दाम शून्याच्या बराच वर ठेवलेला होता, कारण धरणातलं तळाचं दहा टक्के पाणी गाळामुळे काढणं अवघड असतं.

असे उंबरठे चांगल्या पावसाच्या वर्षीच ठरवावे लागतात. टंचाईत बसून ठरवलेला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी बाजूचा असतो. टक्क्यांपेक्षा महिन्यांत मांडलेला उंबरठा बरा: उपयुक्त साठ्याला महिन्याचा वापर अधिक महिन्याचं बाष्पीभवन यांच्या बेरजेने भागायचं. अठरा महिन्यांपेक्षा जास्त उत्तर आलं तर नेहमीचा वापर, बारा ते अठरा आलं तर पहिली कपात, बाराच्या खाली दुसरी, अशी रचना करता येते. नेमके आकडे खोऱ्यागणिक बदलतील. लागोपाठ दोन वाईट वर्षं धरून ती एकदा कागदावर चालवून बघावी. कपातीचा क्रमही त्यातच लिहावा. फळबागेचं एक पाणी चुकलं तर अनेक वर्षांचं झाड जातं, हंगामी पिकाचं एका हंगामाचं नुकसान होतं. म्हणून हंगामी क्षेत्र आधी थांबवायचं आणि त्या शेतकऱ्यांना भरपाई द्यायची, हे पेरणीच्या आधी जाहीर व्हायला हवं. बियाणं जमिनीत गेल्यावर केलेल्या घोषणेने पाणीही वाचत नाही आणि पीकही.